‘रांड’ : एका शिवीचा इतिहास आणि मालमत्तेचा प्रश्न

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)

साम्राज्यवाद, शेतीप्रश्न, कामगार कायदे या विषयांच्या मालिकेत एका शिवीला स्थान मिळावे याचे काहींना नवल वाटले असेल. काहींना ते अप्रशस्तही वाटले असेल. हा शब्द चारचौघांत उच्चारण्याजोगा नाही हे खरेच आहे. परंतु कारखान्याच्या फाटकावर, बाजार समितीच्या आवारात, एस.टी. स्टँडवर, तलाठी कचेरीच्या व्हरांड्यात तो दिवसातून कितीतरी वेळा उच्चारला जातो, आणि उच्चारणाऱ्यांत लाल बावट्याखाली चालणारेही असतात. कंत्राटदाराने पगार बुडविला की त्याचा उद्धार ‘रांडेच्या’ या शब्दाने होतो. संताप कंत्राटदारावरचा असतो आणि तो रास्त असतो. पण घाव बसतो तो त्याच्या आईवर, जिने कोणाचाही पगार बुडविलेला नाही. त्याच सभेत मागच्या रांगेत बसलेली, नवरा वारल्यानंतर धुणीभांडी करून दोन मुले शिकविणारी कामगार स्त्री हा शब्द ऐकते आणि खाली पाहते. ती का खाली पाहते, हे समजून घ्यावयाचे असेल तर शब्दाच्या मुळापर्यंत गेले पाहिजे.

मराठीत ‘रांड’ या शब्दाचे दोन मुख्य अर्थ आहेत. पहिला अर्थ विधवा, दुसरा वेश्या. या दोहोंखेरीज कोणत्याही स्त्रीचा तुच्छतेने उल्लेख करण्यासाठीही तो वापरला जातो. जुन्या मराठीत ‘रांडापोरे’ म्हणजे केवळ बायकामुले. ‘रांडावणे’ हे क्रियापद, ‘रंडकी’ हे नाम, ‘रांडमुंड’ हा केशवपन केलेल्या विधवेसाठीचा जोडशब्द, ही सर्व प्रजा विधवा या अर्थाची. ‘रांडबाज’, ‘रंडीबाजी’ ही दुसऱ्या अर्थाची. ‘रांडेचा’ आणि ‘रांडलेक’ या शिव्या दोहोंच्या मधोमध उभ्या आहेत. शिवी देणाऱ्याला त्यातील नेमका कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे त्यालाही सांगता येणार नाही. आणि तसे सांगावे लागत नाही, यातच या शब्दाचे बळ आहे.

शिव्या या अशिक्षितांच्या वस्तीत जन्माला येतात आणि तेथून वर झिरपून सुसंस्कृत घरे बिघडवितात, अशी एक समजूत मध्यमवर्गात प्रचलित आहे. या शब्दापुरती तरी ती साफ खोटी आहे. ‘रांड’ हा ‘रण्डा’ या संस्कृत शब्दाचा सरळ वारस होय. संध्येची सांज झाली, जंघेची जांघ झाली, लज्जेची लाज झाली, त्याच नियमाने रण्डेची रांड झाली. संस्कृत कोशांत ‘रण्डा’ म्हणजे विधवा, आणि ‘रण्डा’ म्हणजे स्त्रीला उद्देशून वापरावयाची शिवी, असे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी दिलेले आढळतात. ‘रण्ड’ या विशेषणाचा अर्थ कोशकार विकल, पंगू असा देतात, आणि फळ न धरणारे झाड असाही देतात. म्हणजे शब्द वस्तीतून वाड्यात गेलेला नाही. तो पोथी वाचणाऱ्यांच्या घरातून निघाला आणि वस्तीत पोहोचला.

येथे ‘विधवा’ या शब्दाविषयीही दोन वाक्ये सांगणे उपयुक्त ठरेल. ‘धव’ म्हणजे पती, तो जिला नाही ती वि-धवा, अशी फोड शाळेत शिकविली जाते आणि यास्काच्या निरुक्तातही ती इतर व्युत्पत्तींबरोबर आली आहे. आधुनिक भाषाशास्त्र याच्या उलट सांगते. ‘विधवा’ हा शब्द अतिप्राचीन असून त्याची भावंडे लॅटिन आणि इंग्रजीसह युरोपातील अनेक भाषांत आहेत. त्याचे मूळ रिते होणे, वेगळे पडणे या अर्थाचे आहे. ‘धव’ हा शब्द पुढे त्या शब्दाची चुकीची फोड करून पाडण्यात आला. विधवा आधी होती, ‘धव’ मागाहून आला. गंमत म्हणून ही गोष्ट बाजूला ठेवता आली असती. पण भाषेतसुद्धा स्त्रीच्या शेजारी धनी उभा केल्याशिवाय पंडितांना चैन पडले नाही, एवढे तीवरून दिसते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कॉम्रेड्सना या शब्दाचा पसारा अधिक चांगला ठाऊक असेल. गुजरातीत ‘रांडवुं’ हे क्रियापद विधवा होणे या अर्थी आहे. सुरत-बडोद्याकडील गावांत वृद्ध स्त्री स्वतःच्या वैधव्याविषयी बोलताना ते वापरते. पंजाबीत ‘रंडी’ म्हणजे विधवा आणि ‘रंडा’ म्हणजे विधुर. तोच ‘रंडी’ शब्द दिल्लीत, भोपाळमध्ये, इंदूरमध्ये फक्त वेश्येचा वाचक आहे आणि तोंडातून निघाला तर डोकी फुटतात. कानडीत ‘रंडे’, बंगालीत ‘राँड़’, कोकणीत आणि मालवणीत तर ‘रांडेच्या’ हे इतके सवयीचे आहे की ते शिवी उरलेले नाही असे म्हणणारेही भेटतात. काशीविषयीच्या प्रसिद्ध हिंदी म्हणीत रांड, सांड, घाटाच्या पायऱ्या आणि संन्यासी या चौघांपासून जो बचावेल त्यानेच काशीवास करावा असा उपदेश आहे. ज्या स्त्रियांना घरच्यांनी काशीला नेऊन सोडले, त्या स्त्रियांपासून यात्रेकरूला वाचविण्याची काळजी त्या म्हणीत वाहिली आहे.

हा दुहेरी अर्थ प्रथम जगापुढे मांडणाऱ्यांत पंडिता रमाबाईंचे नाव घेतले पाहिजे. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीच्या, १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी नोंदविले की, विधवेला सर्वसामान्यपणे ज्या नावाने ओळखले जाते, तेच नाव नाचणाऱ्या बाईला आणि वेश्येलाही आहे. रमाबाई स्वतः तेव्हा विधवा होत्या. दोन वर्षांनी, १८८९ मध्ये, त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले.

दोन अर्थ एका शब्दात का आले? नेहमीचे उत्तर असे की, निराधार विधवांना पोटासाठी देहविक्रय करावा लागे, म्हणून एकीचे नाव दुसरीला चिकटले. यात तथ्याचा अंश आहे, पण हे उत्तर अपुरे आहे. बहुसंख्य विधवा वेश्या झाल्या नाहीत. त्या दळणकांडण करीत राहिल्या, शेतात राबल्या, दिरांची मुले वाढवीत माजघरात फुकट खपल्या, पुढे गिरण्यांत लागल्या. दारिद्र्य विधुरालाही येते, पण त्याच्या नावाची शिवी झाली नाही. विधुरासाठी मराठीने कोणता शब्द घडविला पाहा : ‘बिजवर’. म्हणजे दुसऱ्यांदा वर झालेला! बायको मेली की पुरुषाला पुन्हा मुंडावळ्या, आणि नवरा मेला की स्त्रीला न्हावी. तेव्हा उत्तर दारिद्र्यात आहे तसेच ते दुसरीकडेही आहे. ते मालकीत आहे.

एंगल्सने कुटुंबसंस्था, खाजगी मालमत्ता आणि राज्यसंस्था यांच्या उगमावरील १८८४ च्या ग्रंथात शब्दांच्या मुळाशी जाऊन मालमत्तेचे संबंध कसे उकलावेत याचा धडाच घालून दिला आहे. युरोपीय भाषांतील कुटुंबवाचक शब्द ज्या लॅटिन ‘फामिलिया’वरून आला, त्याचा मूळ अर्थ नवरा-बायको-मुले असा नव्हता, ‘फामुलुस’ म्हणजे घरगुती गुलाम, आणि ‘फामिलिया’ म्हणजे एका माणसाच्या मालकीच्या गुलामांचा समुदाय. आणि १८४८ च्या जाहीरनाम्यात मार्क्स-एंगल्सनी एका आरोपाला दिलेले उत्तर तर या विषयाला जणू नेमून दिल्यासारखे आहे. कम्युनिस्टांना स्त्रिया सामाईक करावयाच्या आहेत, असा तो आरोप होता. उत्तराचा आशय असा की, बूर्झ्वाला आपली बायको हे केवळ उत्पादनाचे साधन वाटते. उत्पादनाची साधने सामाईक होणार असे त्याच्या कानी येते, आणि मग स्त्रियाही सामाईक होणार यापलीकडे त्याला दुसरा निष्कर्षच सुचत नाही.

कॉम्रेड्स, ‘रांड’ या शब्दात नेमका हाच निष्कर्ष शतकानुशतके गोठलेला आहे. स्त्रीला मालक असतो. तो मेला की ती बेवारस वस्तू होते. बेवारस वस्तू एक तर कुलूपबंद ठेवावी लागते किंवा ती वाटेवरच्या कोणाचीही होते. कुलूपबंद करण्याची रीत म्हणजे केशवपन, आलवण, एकवेळचे जेवण, काळोखी खोली. अशा बाईला मराठीत ‘सोवळी’ म्हणत आणि ‘बोडकी’ही म्हणत, पहिला शब्द तोंडावर, दुसरा पाठीमागे. जी कुलपात मावली नाही ती कोणाचीही, म्हणून तिला वेश्येचे नाव. स्वतःची अशी ती होऊ शकते ही तिसरी शक्यता त्या शब्दरचनेत कोठेच नाही.

हे नुसते कल्पनेतले तर्कशास्त्र नव्हे. त्याला कायद्याचा आणि पैशाचा आधार होता. पेशवाईत कष्टकरी जातींमधील विधवेने पाट लावला, म्हणजे दुसरा घरोबा केला, तर त्यावर ‘पाटदाम’ नावाचा कर सरकार वसूल करीत असे. ज्यांच्यात पाट लागत नसे त्यांच्या विधवेला दुसरे जीवनच नव्हते. ज्यांच्यात लागत असे त्यांच्याकडून सरकार त्याचे मोल घेई. शिंदळकीचा, म्हणजे व्यभिचाराचा, आरोप शाबीत झालेल्या स्त्रियांना सरकारजमा करून कुणबिणी, म्हणजे दासी, बनविण्यात येई. ‘बटीक’ हा शब्दही असाच दासीवाचक आहे, आणि ‘बटकीच्या’ ही शिवी खेड्यापाड्यांत अजून ऐकू येते. दासी गेली, तिच्या नावाची शिवी राहिली. एका स्त्रीविषयीचा एक शब्द सिद्ध झाला की ती माणसातून वस्तूत जात असे. अशा काळात शिवी ही करमणूक नसते. ती फिर्याद असते.

इंग्रजी अमलाने यात फरक केला, पण मालकीचे सूत्र कायम ठेवून. १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा सुधारणेचा मैलाचा दगड म्हणून शिकविला जातो, आणि ईश्वरचंद्र विद्यासागरांचे श्रम लक्षात घेता ते योग्यही आहे. परंतु त्याचे दुसरे कलम अभ्यासवर्गात क्वचितच वाचले जाते. पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मालमत्तेतील हक्क, ती जणू त्याच दिवशी मेली असे धरून, त्या कलमाने संपुष्टात येत असे. लग्न कर, पण जमीन ठेवून जा.

आणि लग्न न करता ती कोणाशी संबंध ठेवी तर? त्या वेळच्या हिंदू कायद्याप्रमाणे पतीच्या मृत्यूच्या वेळी विधवा ‘शीलभ्रष्ट’ असेल तर तिला वारसा मिळत नसे. वारसा मिळाल्यानंतर तसा आरोप आला तर तो काढून घेता येईल काय, हा प्रश्न आसाममधील केरी कोलितानी नावाच्या विधवेच्या दाव्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, आणि १८८० मध्ये तेथे, एकदा मिळालेला वारसा अशा कारणाने जात नाही, असा निकाल झाला. निकाल तिच्या बाजूचा लागला, ही समाधानाची गोष्ट. पण दाव्याच्या स्वरूपाकडे पाहावे. मृत पतीचे भाऊबंद विधवेला वेश्या ठरवू पाहतात, कारण तसे ठरले तर जमीन त्यांची होते. ‘रांड’ या शब्दाचे दोन अर्थ एकत्र का राहिले याचे याहून उघड कारण सापडणे कठीण आहे. पहिल्या अर्थाची स्त्री दुसऱ्या अर्थाची ठरविण्यात शेताचा फायदा होता.

पुढच्याच वर्षी, १८८१ मध्ये, सुरतेच्या न्यायालयापुढे विजयालक्ष्मी नावाची ब्राह्मण विधवा उभी राहिली. वैधव्यात झालेल्या मुलाला मारल्याच्या आरोपावरून तिला फाशीची शिक्षा फर्मावण्यात आली. अपिलात ती कमी झाली. जो पुरुष त्या मुलाचा बाप होता त्याला कोणत्याही न्यायालयाने बोलाविले नाही. ‘पुणे वैभव’सारख्या पत्रांनी या निमित्ताने समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर तोंडसुख घेतले. त्याला उत्तर दिले ते बुलढाण्याच्या सत्यशोधक घराण्यातील ताराबाई शिंदे यांनी, १८८२ सालच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ या पुस्तकातून. ज्या भाषेत स्त्रियांना शिव्या दिल्या जात होत्या त्याच घरगुती, धारदार मराठीत त्यांनी पुरुषांचा हिशेब मांडला. सुशिक्षितांना ते पुस्तक सोसले नाही. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये १८८५ साली त्याची पाठराखण केली, आणि ते योग्यच होते, कारण फसविल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह त्यांनी आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्येच उघडले होते. त्यानंतर ताराबाईंचे पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेले, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणले. स्त्रियांना दिलेल्या शिव्या तोंडोतोंडी टिकतात, स्त्रियांनी दिलेली उत्तरे मात्र संशोधकांना शोधून काढावी लागतात.

या इतिहासातील एक प्रकरण कामगार चळवळीचे आहे आणि त्याचा उल्लेख आपल्या सभांतून फारच कमी होतो. १८९० साली मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि यापुढे विधवांचे केशवपन करावयाचे नाही असा ठराव तेथे झाला. पुढाकार होता नारायण मेघाजी लोखंडे यांचा. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देण्याचा लढा ज्यांनी त्याच वर्षी यशस्वी केला, तेच हे ‘दीनबंधू’चे संपादक लोखंडे. घटना नीट पाहण्यासारखी आहे. शास्त्री-पंडितांत केशवपन शास्त्रसंमत आहे की नाही यावर वर्षानुवर्षे वाद झडत होते. वस्तरा मात्र होता श्रमिकाच्या हातात. ज्याच्या हातात हत्यार होते त्याने ते खाली ठेवण्याचा निर्णय घेतला. त्यात त्याचे उत्पन्न बुडणार होते. उच्चवर्णीय घरातील स्त्रीच्या अपमानाशी त्याचा तसा संबंध नव्हता, तो होता केवळ मजुरीचा. तरीही त्याने त्या अपमानातील आपला वाटा ओळखला. भाषेच्या बाबतीत प्रत्येक कार्यकर्त्याच्या हाती तसाच एक वस्तरा आहे.

नंतरच्या कायद्यांचा आढावा लांबविण्याचे कारण नाही. १९३७ च्या कायद्याने विधवेला मर्यादित हक्क दिला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने तो पूर्ण मालकीचा केला, आणि अठ्ठाविसाव्या कलमाने शीलभ्रष्टतेसारख्या जुन्या अपात्रता निकालात काढल्या. १८५६ चा कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. पतीच्या मृत्यूने मिळालेला वाटा पुनर्विवाहाने जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही २००८ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे ज्या आर्थिक पायावर ही शिवी उभी होती तो पाया, निदान कागदावर, सत्तर वर्षांपूर्वी निघाला.

मग शिवी का टिकली? संस्कृती पायाच्या मागे रेंगाळते हे उत्तर तयार असते आणि ते चुकीचे नाही. पण ते आळशी उत्तर आहे. पाया कागदावर निघाला, बांधावर निघाला नाही. २०११ च्या जनगणनेत देशात ४ कोटींहून अधिक विधवा होत्या आणि विधुर सव्वा कोटीच्या आसपास. पुरुष पुन्हा लग्न करतो, स्त्री करीत नाही किंवा तिला करू दिले जात नाही, हे त्या आकड्यांतील तफावतीचे एक मोठे कारण. विदर्भ-मराठवाड्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी राज्य सरकारच्या १ लाख रुपयांच्या मदतीसाठी अर्ज करते तेव्हा प्रथम प्रश्न येतो सातबारा कोणाच्या नावावर आहे याचा. तो बहुधा सासऱ्याच्या किंवा सामाईक नावावर असतो. ती वाटणी मागते. तिने वाटणी मागितली त्या दिवसापर्यंत ती ‘वहिनी’ असते, ‘सूनबाई’ असते, ‘थोरल्याची बायको’ असते. दुसऱ्या दिवशी दारात तो शब्द ऐकू येतो. ती कोणाच्या मोटारसायकलवर बसली, बचत गटाच्या बैठकीला कोणाबरोबर गेली, मोबाईलवर कोणाशी बोलली याची उजळणी सुरू होते. आदिवासी पट्ट्यात, नंदुरबारपासून झारखंडपर्यंत, याच कामासाठी दुसरा शब्द आहे, ‘डाकीण’ किंवा ‘डायन’, आणि त्याचा शेवट कित्येकदा खुनात होतो. शब्द वेगळे, जमीन तीच. केरी कोलितानीच्या दाव्याला शतकाहून अधिक काळ लोटला तरी भाऊबंदांचा युक्तिवाद बदललेला नाही. तो फक्त न्यायालयातून ओट्यावर आला आहे.

कोणी म्हणेल, शब्द बदलले की झाले. सत्ताधाऱ्यांना हा उपाय फार प्रिय असतो. एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ असा शब्द वापरण्याचा प्रस्ताव पुढे आणला होता. सन्मानासाठी म्हणून! ‘गं. भा.’ ही विधवेच्या नावामागे लावावयाची जुनी चिठ्ठीच ती. लग्नपत्रिकांतून आणि निधनवार्तांतून ती ओळखीची आहे. मुलगी ‘कु.’, लग्न झाले की ‘सौ.’, नवरा वारला की ‘गं. भा.’, पुरुष मात्र जन्मभर ‘श्री.’. त्याच्या घरात कोण आले आणि कोण गेले याचा त्याच्या नावाला पत्ता नसतो. विरोध झाल्यावर, ही केवळ चर्चा होती असा खुलासा करण्यात आला. शिवीच्या जागी पवित्र नदीचे नाव ठेवले तरी, ही बाई कोणाची हा प्रश्न तसाच राहतो. ‘सोवळी’ हा शब्दही पवित्रच होता. त्याच्या वर्षभर आधी, ४ मे २०२२ रोजी, कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मात्र नाव देण्याच्या भानगडीत न पडता, बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा गावात बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारला इतर ग्रामपंचायतींसाठी तो कित्ता म्हणून पुढे ठेवावा लागला. मंत्रालयापेक्षा ग्रामसभेला प्रश्न अधिक कळला होता.

आणखी एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो आपल्यातलाच आहे. कामगाराची भाषा रांगडीच असणार. तिला धुऊन-पुसून मध्यमवर्गीय करू नका, अशाने तो पक्षापासून दूर जाईल, असे काही अनुभवी कार्यकर्ते प्रामाणिकपणे म्हणतात. कामगाराची भाषा रांगडी असावीच. ताराबाईंची भाषा रांगडी होती, आणि तीत मिळमिळीतपणाचा लवलेश नव्हता. पण ‘रांड’ हा शब्द कामगाराचा नाही हे वर दिसलेच आहे. तो त्याच्यावर लादलेल्या व्यवस्थेचा आहे. शिवाय कामगार म्हणताना डोळ्यांपुढे पुरुषच उभा राहत असेल तर आक्षेप घेणाऱ्याने प्रथम ते तपासावे. शेतमजूर, विडी कामगार, अंगणवाडी आणि आशा कर्मचारी यांच्या मोर्चांत बहुसंख्या कोणाची असते? त्यांच्यापुढे मालकाला ‘रांडेच्या’ म्हणणे म्हणजे त्यांच्याच पैकी एकीला मालकाच्या जागी उभी करून मारणे होय. मालकाला द्यावयाला चोर, लुटारू, मजुरीबुडव्या, बोटचेपा, लाळघोट्या असे खणखणीत मराठी शब्द पुष्कळ आहेत, आणि ते त्याला तंतोतंत लागू पडतात.

वेश्या हा या शब्दाचा दुसरा अर्थ आहे म्हणून, विधवेला वेश्या म्हणू नका, एवढ्यावर थांबणेही पुरेसे नाही. तसे म्हणणे म्हणजे कामाठीपुऱ्यातील स्त्रीला शिवी म्हणून कायम ठेवून इतरांची सुटका करणे होय. विवाह आणि वेश्याव्यवसाय ही एकाच मालमत्ताव्यवस्थेची दोन अंगे आहेत हे एंगल्सने दाखविले आहे. त्यांतील एका अंगाला प्रतिष्ठा आणि दुसऱ्याला शिवी देणे हे त्या व्यवस्थेचेच काम होय. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना सन्मानाने वागविले पाहिजे, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिले आहेत. पक्षाच्या पत्रकांतून आणि भाषांतरांतूनही ही काळजी घेतली जावी. भांडवलदारांच्या हाती विकल्या गेलेल्या वृत्तपत्रांना आणि पुढाऱ्यांना ‘वेश्या’ म्हणण्याची जी जुनी सवय आहे, ती राजकीयदृष्ट्याही चुकीची आहे. तो पुढारी आपली सत्ता विकतो. ती स्त्री सत्ता नसल्यामुळे विकली जाते.

आता कामाचा भाग. गावातील शेतकरी वारला की वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे खबर द्यावयाची असते. नोंद गाव नमुना ६-क या वारस नोंदवहीत आणि मग फेरफारात जाते, हितसंबंधितांना नोटिसा निघतात, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. विधवेचे नाव गळते ते बहुधा याच टप्प्यावर. दिवस-तेराव्याच्या गडबडीत दीर अर्ज देऊन येतो, वारसांत मुलांची नावे असतात, आईचे नसते. किंवा असते आणि हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घेतलेला असतो. शेतमजूर युनियनच्या, किसान सभेच्या आणि महिला संघटनेच्या कार्यकर्त्यांनी मिळून गावातील प्रत्येक मृत्यूनंतर या एका नोंदीकडे लक्ष ठेवले तर त्याला खर्च येत नाही. हरकत आली तर ती लेखी मागावी. लेखी हरकतीत तो शब्द सहसा नसतो; तेथे बाई गावात राहत नाही, तिचे चालचलन ठीक नाही, अशी वाक्ये असतात. त्या वेळी कार्यकर्त्याजवळ १९५६ च्या कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमाची मराठी प्रत असावी, आणि कोणत्या कलमाखाली ही हरकत घेतली आहे, असे मंडळ अधिकाऱ्यासमोर विचारावे. व्हरांड्यात तो शब्द उच्चारला गेलाच, तर कोण बोलले, कोणी ऐकले, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. भारतीय न्याय संहितेचे ७९ वे कलम त्यासाठी आहे, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मात्र फिर्याद करावयाची की नाही हे त्या स्त्रीला विचारून ठरवावे. पुष्कळदा तिला आधी सातबाऱ्यावर नाव हवे असते.